ऐकू येतंय ना?

"हात ढिला सोड काकी. मूठ नको आवलू."

प्रणितने ठमाकाकीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोपच्या नळ्या कानांत खोचल्या आणि चकती कोपराच्या खळगीत टेकवली. रविवारची सकाळ होती. विचुंब्यातल्या त्या ओटीवर चार-पाच बायका पदर सावरून आपापल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारची सखूबाई तर अंघोळबिंघोळ करून, देवळात निघाल्यासारखी नटून आली होती. प्रणितचे वडील काशिराम दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. घराण्यात बारावीच्या पुढे गेलेला हा पहिलाच पोरगा, तोही फिजिओथेरपीला. आयुष्यभर रेती-विटा पोचवण्यात गेलेल्या त्या माणसाला कौतुक लपवता येत नव्हतं. बीपीचं मशीन त्यांनीच हौसेनं आणून दिलं होतं.

प्रणितने रबरी फुगा दाबला. काटा वर चढला. मग हळूहळू हवा सोडत तो कान देऊन बसला.

त्याला काहीही ऐकू आलं नाही.

नेहमीच येत नसे. कानात नुसती पोकळ घूं वाजायची, बस्स. काटा पार वरपासूनच थरथरत होता. पण काटा थरथरतोच, असं त्याने कधीचं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"किती हाय रं?" काकीने विचारलं.

"एकशेतीस-ऐंशी. एकदम झकास."

ठमाकाकी खुलली. ती काशिरामच्या थोरल्या भावाची बायको. नवरा गेल्यापासून पनवेलला उरण नाक्यावर सुक्या मासळीचे वाटे लावून बसायची. त्याच कमाईवर तिने जगनला, आपल्या एकुलत्या एका मुलाला, मोठं केलं होतं. प्रणित लहान असताना त्याची आई शेतावर गेली की तो काकीच्याच मांडीवर असायचा. भाजलेल्या बोंबलाचा काटा काढून ती त्याला भरवायची.

"मंग ती गोली कशाला गिलायची?" ती म्हणाली. "नुसता तोंड कडू पडतो माझा."

'डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नको' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण पाच बायकांचे डोळे त्याच्यावर लागले होते, आणि ज्याला उत्तर माहीत नाही तोच दुसऱ्याकडे पाठवतो, असं त्या क्षणी त्याला वाटलं.

"आता नॉर्मल हाय म्हनल्यावर," तो नळ्या गुंडाळत म्हणाला, "नाय घेतलीस तरी चालंल."

आतून जगनची बायको किशोरी तांदळाच्या पिठाने भरलेले हात घेऊन बाहेर आली. "आई, गोली आशी मनानी सोडायची नाय. आदी दवाखान्यात इचारू या. भावजी, तुमी तरी सांगा ना त्यांना."

प्रणित नुसता हसला.

"घरात डाक्टर बसलाय," काकी म्हणाली, "आनि मी तिकडं जाऊन रांग लावू?"

बायका हसल्या. किशोरी क्षणभर उंबऱ्यावर थांबली आणि भाकऱ्या थापायला आत गेली.

*

हे न ऐकू येणं सुरू झालं होतं फिजिऑलॉजीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला.

सबनीस मॅडमनी सगळ्यांना दोघादोघांच्या जोड्या करायला सांगितल्या. प्रणितच्या वाट्याला हेतल आली. पनवेलच्या बाजारातल्या एका कापडवाल्याची ही मुलगी तोंडाने फटकळ आणि अभ्यासाला पक्की होती. मॅडम शांत आवाजात समजावत होत्या. पट्टा आवळला की हातातलं रक्त थांबतं. हवा सोडत आलात की एका क्षणी ते पुन्हा उसळी मारून वाट काढतं आणि ठक् असा आवाज येतो. तो वरचा आकडा. मग ठक्-ठक् चालू राहते आणि एका जागी विरून जाते. तो खालचा.

"हा आवाज एकदा कानात बसला की जन्मभर विसरणार नाही तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

प्रणितने हेतलच्या हातावर तीनदा प्रयत्न केला. घूं. शेजारच्या टेबलावर कुणी "आला, आला!" म्हणून ओरडत होतं. मॅडम फिरत फिरत त्याच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"ऐकू येतंय ना?"

"हो मॅडम."

"किती?"

"एकशेवीस-ऐंशी."

मॅडम मान हलवून पुढे गेल्या. त्या 'हो'ला काही अर्थ नव्हता, पुढच्या वेळी विचारू, असं त्याला वाटलं. पण पुढच्या वेळी विचारणं आणखी अवघड होऊन बसलं. ज्याला पहिल्या दिवशी ऐकू आलं होतं, त्याला दुसऱ्या दिवशी ऐकू येत नाही म्हणजे काय? वर्गात इंग्रजी माध्यमाची मुलं जास्त. व्याख्यानातला निम्मा भाग त्याच्या डोक्यावरून जायचा. तिथेही तो मान हलवायचा. मान हलवण्याची सवय एकदा लागली की मानेला मग काही वाटत नाही.

घरी मात्र उलट होतं. घरी तो आकडा सांगायचा आणि समोरचे मान हलवायचे. ते त्याला आवडायला लागलं होतं.

*

उरण नाक्यावर वाटे लावता लावता ठमाकाकीच्या हातातून जवळ्याचं माप गळून पडलं. शेजारच्या बाईला वाटलं, घाम आला असेल, चक्कर आली असेल. तिने पाणी पुढे केलं तर ते काकीच्या ओठाच्या एका कडेने खाली ओघळलं.

प्रणित कॉलेजातून थेट दवाखान्यात पोचला तेव्हा जगन भिंतीला डोकं टेकून उभा होता. न्हावा शेव्याला कंटेनर उतरवून ट्रेलर तसाच कुणाच्या तरी ताब्यात देऊन तो आला होता. काशिराम होते, सखूबाई होती. किशोरी बाकाच्या टोकाला बसली होती.

डॉक्टर बाहेर आले. मेंदूत रक्तस्राव झालाय, म्हणाले. उजवी बाजू गेलीय, वाचाही गेलीय. "आणलं तेव्हा बीपी दोनशेच्या वर होतं. गोळी चालू होती ना?"

जगनने बायकोकडे पाहिलं.

"त्यांनीच बंद केली," किशोरी म्हणाली. "मी सांगत व्हते. पन भावजी बोलले, नाय घेतली तरी चालंल."

सगळ्यांच्या माना प्रणितकडे वळल्या. डॉक्टरांनीही चष्म्यावरून पाहिलं. प्रणितच्या खांद्याला कॉलेजची बॅग होती आणि तिच्या कप्प्यातून स्टेथोस्कोपची नळी बाहेर लोंबत होती. त्याने ती आत सारली.

"तू बोललास?" जगनने विचारलं.

"मी..." प्रणितने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मी फक्त बीपी मोजला दादा. गोलीचा मी काय नाय बोललो."

"पयल्या वर्साचा पोरगा तो," त्या सकाळी चौकटीत उभं राहून सगळं ऐकलेले काशिराम लगेच म्हणाले. "त्याला कलत नाय का, आसा काय सांगायचा नसतो ते?"

 किशोरीने प्रणितकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरोखर नवल वाटलेलं दिसत होतं. सखूबाई त्या दिवशी तिथे होती, असं तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने मान तिकडे वळवली. सखूबाईने पदर तोंडाला लावला. "मना काय आठवत नाय बाई. मी आपली माज्या पालीची वाट बघत व्हते."

जिच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, तिची वाचा आत खाटेवर गेलेली होती.

*

काकी घरी आली ती उचलूनच. बोलण्यातला एकच शब्द तिच्यापाशी उरला होता. "मंग." पाणी हवं असलं तरी मंग, कूस बदलायची असली तरी मंग. उजवा हात पोटावर ठेवलेल्या कुणा दुसऱ्याच्या हातासारखा पडून असायचा.

गावात बोभाटा झाला होता. सुनेने गोळ्या दिल्या नाहीत, वर बिचाऱ्या पोरावर ढकललं. सखूबाईच्या ओटीवर तर गोळ्या उकिरड्यात सापडल्या, इथपर्यंत गोष्ट गेली. एका संध्याकाळी जगन किशोरीला सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या आईला मारायलाच निघाली व्हतीस तू." दुसऱ्या दिवशी सासूचं अंग पुसून, धुतलेलं लुगडं नेसवून, किशोरी उरणकडच्या आपल्या माहेरी निघून गेली. जाताना ती प्रणितच्या दारावरूनच गेली. तो खिडकीत होता. तो मागे सरला.

मग काकीचं करायला एक दिवस प्रणितची आई, एक दिवस शेजारची कुणी, असं सुरू झालं. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलेले हातापायांचे व्यायाम प्रणित रोज सकाळी कॉलेजच्या आधी करवून घ्यायचा. लोक म्हणायचे, पोरगा बघा, सख्ख्या लेकाच्या वर करतोय. तो काकीचा निर्जीव हात वर उचलायचा, खाली आणायचा आणि तिच्या डोळ्यांत बघणं टाळायचा. काकी मात्र त्याच्याकडे टक लावून असायची. तिला ती रविवारची सकाळ आठवत होती की नव्हती? दोन्ही गोष्टींची त्याला सारखीच भीती वाटायची.

वर्गात मज्जासंस्था सुरू झाली होती. सबनीस मॅडमनी फळ्यावर मेंदू काढला आणि तिथून खाली उतरणाऱ्या तंतूंची एकमेकांना छेदणारी फुली. "म्हणून डावीकडे इजा झाली तर उजवी बाजू लुळी पडते. आणि बोलण्याचं केंद्र बहुतेकांचं डावीकडेच असतं. मेंदूतल्या रक्तस्रावाचं सगळ्यात मोठं कारण काय?"

"हायपरटेन्शन," मुलं एका सुरात म्हणाली.

"आणि दुर्दैव काय, की ते मोजता येतं. रस्त्यावरच्या दुकानातही मोजून मिळतं." मॅडमनी हात झटकले. खडूची भुकटी पहिल्या बाकापर्यंत आली.

प्रणितने त्या दिवशी डबा उघडला नाही.

अंतर्गत परीक्षेच्या आदल्या दिवशी हेतल त्याच्या हातावर सराव करत होती. तिचा स्टेथोस्कोप घरी राहिला होता, म्हणून तिने त्याचाच घेतला. दोनदा हवा भरली, दोनदा सोडली. मग कपाळाला आठ्या घातल्या आणि चकतीवर नखाने टकटक केलं.

"अरे, हा बंद आहे यार."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? उलट्या बाजूला फिरवलाय. ही छोटी बाजू चालू आहे, मोठी बंद." तिने नळीपाशी पकडून चकती अर्धी फिरवली. कट्ट असा बारीक आवाज झाला. "वर्षभर असाच वापरला तू? मग ऐकायचास काय?" ती हसायला लागली आणि त्याचा चेहरा बघून थांबली. "काय झालं?"

त्याने स्टेथोस्कोप तिच्या हातून घेतला, नळ्या कानांत घातल्या, तिच्या दंडाला पट्टा बांधला. हवा भरली. सोडली.

ठक्.

मग ठक्, ठक्, ठक्. दार ठोठावावं इतकं स्पष्ट. कुणी आत अडकलेलं माणूस मुठीने दार वाजवत असावं तसं.  एवढंच होतं ते. चकतीची अर्धी फिरकी. पहिल्या दिवशी 'नाही मॅडम' म्हणाला असता तर मॅडमनी कट्ट करून ती फिरवली असती आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत त्याने अचूक आकडा सांगितला. मॅडमनी स्वतः पडताळून पाहिला. "गुड," त्या म्हणाल्या. तो शब्द त्याला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

*

घरी त्याने आधी वडिलांना सांगितलं. काशिराम जेवत होते. घास तोंडात तसाच ठेवून त्यांनी ऐकलं, मग पाणी प्यायले.

"कोनाला बोलला नाय ना?"

"नाय."

"मंग गप बस. झाला ते झाला. वैनी काय उठून पलायला लागनार नाय. तुझा शिक्षान हाय पुढं."

"बाबा, किशोरी वैनी..."

"ती येल परत. कुठं जानार?"

शनिवारी वडिलांची स्कूटर काढून तो निघाला. पळस्प्याला वळून बंदराच्या रस्त्याला लागला. दोन्ही अंगांनी कंटेनर लादलेले ट्रेलर धडधडत होते. त्यांतला एखादा जगनदादाचा असेल तर काय, या धास्तीने तो प्रत्येक केबिनकडे बघत होता. किशोरीच्या माहेरचे लोक मिठागरावर राबलेले. आता मिठागराच्या जागी कंटेनरचं गोदाम उभं होतं आणि त्याच्या भिंतीलगत त्यांची आळी.

किशोरी दारात बारीक कोळंबी, करंदी सोलत बसली होती. त्याला बघून तिने हात थांबवला नाही.

"वैनी, मी खोटा बोललो."

"मना म्हायती हाय."

"त्या दिवशी मना बीपी पन ऐकू येत नव्हता. कदीच येत नव्हता. आकडा मी मनानीच सांगितला."

आता मात्र तिचा हात थांबला. हे तिला माहीत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. बोटांवर करंदीची सालं चिकटलेली.

"मी आईंना म्हनायची," ती हळूच म्हणाली, "भावजी शिकलेला हाय, पन आपुन इचारू या. मनातून मनाच वाटायचा, मीच आडानी. रातभर तोच इचार करायची. मीच नाय ना काय चुकीचा केला?"

प्रणितच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो पाया पडायला वाकला तशी तिने पाय मागे घेतले.

"मना नको सांगू. माज्या पाया पन पडू नको. ज्यांच्यासमोर मना खोटी पाडलीस, त्यांच्यासमोर बोल. तुजा दादा आसंल तवा बोल. सखूबाईला बोलवून बोल."

भावजी, तुमी, हे सगळं गळून पडलं होतं. ती पुन्हा सोलायला लागली. त्याला कुणी पाणी विचारलं नाही.

*

रविवारी सकाळी तो बोलला. काकीच्या खाटेपाशी जगन होता, प्रणितची आई होती. सखूबाईला त्याने स्वतः जाऊन आणलं होतं. काशिराम उंबऱ्याबाहेर पाठ करून उभे राहिले. प्रणितने काही झाकलं नाही. कान, आकडा, गोळी, दवाखान्यातलं खोटं, सगळं. शेवटी शेवटी त्याचा आवाज इतका बसला की जगन पुढे वाकला.

त्याचं बोलणं संपलं. मग खाटेवरून आवाज आला.

"मंग?"

काकीला पाणी हवं होतं की तिने खरंच विचारलं होतं, हे कुणालाच कळलं नाही. 

जगन उठला. मारील, असं प्रणितला वाटलं. त्याने मारावं, असंही वाटलं. पण जगन खुंटीवरचा शर्ट अंगात घालत बाहेर गेला आणि त्याच्या मोटारसायकलचा आवाज बंदराच्या रस्त्याच्या दिशेने दूर गेला.

सखूबाईने डोळ्यांना पदर लावला. "केवढा मोठा मन पोराचा! कोन कबूल करतो आजकाल? पोर हाय, चुकला." आणि मग लुगडं झटकून उठताना, "तरी पन सुनेनी ध्यान ठेवाया पायजे व्हता."

प्रणितला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी उतरेल अंगावरून. उलट दोन दिवसांत गावभर त्याच्या खरेपणाचंच कौतुक झालं. किशोरीचं चुकलं नव्हतं, हे मोठ्याने कुणी म्हटलं नाही. तो भेटेल त्याला सांगायचा, "वैनीनी आडवला व्हता मना." लोक म्हणायचे, "हो रं, जाऊ दे आता."

किशोरी परत आली. जगनने तिथे तिला काय म्हटलं, कुणाला ठाऊक नाही. येताना तो गाडीवर पुढे होता आणि ती मागे, दोघांच्या मध्ये तिची पिशवी. आल्या आल्या तिने सासूची चादर बदलली, नखं कापली, केसांतली जट सोडवली. काकीने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

प्रणितने सकाळचं येणं थांबवलं नाही. किशोरी त्याच्याशी बोलत नसे. तो आला की दार उघडून बाजूला व्हायची. तो हातापायांचे व्यायाम करवून घ्यायचा आणि निघायचा. चहाचा वास घरभर असायचा. त्याला कुणी कप दिला नाही, आणि तो मिळावा असं त्यालाही वाटेनासं झालं.

थंडी पडायला लागल्यावर दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की आता दोघांनी दोन बाजूंनी धरून पेशंटला उभं करा. रोज चार पावलं चालवा. जगन ट्रेलर घेऊन गेला होता. किशोरीने सासूच्या पायांत चपला घातल्या, डाव्या बाजूने खांदा दिला आणि उजवीकडची मोकळी जागा बघत म्हणाली,

"धर."

प्रणितने काकीच्या काखेखालून हात घातला. त्या बाजूचं अंग सगळं त्याच्यावर आलं. तिघं मिळून उभी राहिली, हलली, ओटीकडे निघाली. काकीच्या उजव्या पायातली चप्पल पहिल्याच पावलाला निसटली. किशोरी थांबली. त्याने एका हाताने काकीला पेललं, वाकून ती पायात सरकवली. पुढच्या पावलाला ती पुन्हा निसटली. तो पुन्हा वाकला. किशोरी समोर बघत तो उठेपर्यंत थांबून राहिली.